स्नायुवर्धक आहार

शरीरातील ऐच्छिक स्नायूंचे आकारमान व बल वाढावे या हेतूने घेतला जाणारा आहार. मल्ल, भारोत्तोलक, शरीरसौष्ठवपटू व इतर खेळाडू यांच्यापुरताच हा विषय पूर्वी मर्यादित मानला जाई. तथापि दीर्घ आजारातून उठलेले रुग्ण व वृद्ध माणसे यांच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सु. ४० टक्के भाग ऐच्छिक स्नायूंचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण काहीसे कमी असते. ताज्या स्नायूत सु. ७५ टक्के पाणी व सु. २० टक्के प्रथिने असून उरलेल्या अल्पशा भागात वसा, ग्लायकोजेन, खनिज लवणे इ. पदार्थ असतात. पाणी वगळल्यास स्नायू हा मुख्यत्वे प्रथिनांचाच बनलेला असल्यामुळे प्रथिने जितकी अधिक खावीत तितके स्नायू अधिक वाढतील, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. प्रथिने हे स्नायूंच्या बांधणीचे साहित्य होय. बांधणीचा आदेश मात्र व्यायामाकडून मिळतो आणि तो नसेल, तर जादा साहित्य शरीर इंधन म्हणून जाळून टाकते किंवा त्याचे रूपांतर करून वसेच्या रूपात साठविते.

जुन्या कल्पना : समान पदार्थाने समान धातूची वृद्धी होते, हे आयुर्वेदाचे एक मूलतत्त्व असून त्यानुसार चरकसंहितेत मांसाने मांसधातू विशेष पुष्ट होतो असे मानले आहे. प्राचीन ग्रीसमधील खेळाडूंचा आहार आरंभी ताज्या चीजवर आधारलेला होता व स्टिंफॅलसच्या ड्रोमिअस नावाच्या धावपटूने त्यात मांसाहार आणला, असे पॉसेनिअस हा ग्रीक प्रवासी सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मल्लविद्येचा स्वतंत्र भाग असून मल्लांना डाळी, मांस, दूध व साखर पुरविणे हे राजाचे काम मानले आहे. मल्लांच्या खुराकात डाळींना इतक्या जुन्या काळी स्थान होते, ही गोष्ट आजच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

‘प्रथिन’ या पदार्थवर्गाला त्याचे यूरोपीय नाव १८३८ मध्ये मिळाले. डच रसायनशास्त्रज्ञ गेरार्ड योहान मल्डर (१८०२–८०) यांनी बर्झीलियस यांच्या सूचनेवरून ‘प्रथम स्थानी असलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘प्रोटीन’ हे नाव योजिले व मराठी संज्ञाही त्याच अर्थाची आहे. नावातच प्राधान्य आल्यामुळे की काय, पुढील कित्येक वर्षे प्रथिनांविषयीच्या कल्पना अतिशयोक्त राहिल्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांच्या मते स्नायू काम करताना स्वतःतील प्रथिनच जाळतो आणि म्हणून कष्टकऱ्याने झिजलेले स्नायू भरून काढण्यासाठी मुबलक मांस खाल्ले पाहिजे. हे मत तपासण्यासाठी आडोल्फ फिक (१८२९–१९०१) व योहानेस व्हिस्लित्सेनुस (१८३५–१९०२) या दोन शास्त्रज्ञांनी ऑगस्ट १८६५ मध्ये स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हा डोंगर चढण्याचा प्रयोग केला. आदल्या दिवसापासून त्यांनी केवळ पिष्ट, चरबी व साखर असलेले प्रथिनरहित अन्न घेतले, सु. १,९५६ मी. उंची चढून गेले आणि त्या काळातील मूत्रात बाहेर पडलेला नायट्रोजन मोजला. प्रत्येकाच्या शरीरात सु. ३७ ग्रॅ. प्रथिनांचेच ज्वलन झाल्याचे दिसून आले. एवढ्या प्रथिनांतून मिळणारी ऊर्जा शरीर नुसते वर उचलण्याच्या कामाच्याही जेमतेम निम्मी भरत होती. शरीरात मुक्त होणाऱ्या ऊर्जेपैकी सु. चौथा भागच प्रत्यक्ष कामी येतो हे लक्षात घेता तफावत आणखी मोठी होते. स्नायू मुख्यतः कार्बोहायड्रेटे व वसा यांच्यावर चालतो, हे यावरून स्पष्ट झाले.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे रसेल हेन्री चिटेंडन (१८५६–१९४३) यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्राध्यापक, सैनिक व विद्यार्थी खेळाडू यांना कित्येक महिने त्या काळच्या मान्य प्रमाणाच्या (दररोज ११८ ग्रॅ.) निम्म्याच्या आसपास प्रथिने दिली. त्यांची शक्ती घटली तर नाहीच, उलट खेळाडूंच्या बलमापनात वाढ दिसली. ती वाढ बव्हंशी नियमित व्यायामाची होती. मात्र कमी प्रथिनांनी ती अडली नाही, हेही खरे.

भारतात रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथील प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उंदरांच्या गटांना देशातील निरनिराळ्या लोकांचे प्रातिनिधिक आहार देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. पूर्ण गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, भाज्या व अधूनमधून मांस असा शीख आहार सर्वांत सरस ठरला; त्यानंतर पठाणी व तिसऱ्या क्रमांकावर मराठी आहार आला. सडक्या तांदळावर आधारलेले आहार सर्वांत खाली राहिले. हा फरक केवळ प्रथिनांचा नव्हता, त्यात जीवनसत्त्वे व खनिजे यांचाही वाटा होता. परंतु देहयष्टी ही निव्वळ वंशपरंपरेची देणगी आहे या त्या वेळच्या लाडक्या मताला या प्रयोगांनी चांगलाच धक्का दिला. याच प्रयोगशाळेतून पुढे वाढलेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली व १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

स्नायू कसा वाढतो : प्रौढपणी स्नायूंतील तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, असलेले तंतू जाड होतात. सवयीपेक्षा अधिक भार सतत पडू लागला म्हणजे तंतूंतील ॲक्टिन व मायोसिन या आकुंचनक्षम प्रथिनांची निर्मिती वाढते. तंतूंच्या कडेला असणाऱ्या व १९६१ मध्ये प्रथम वर्णिलेल्या उपग्रह कोशिका विभाजन पावून तंतूंना नवी केंद्रके पुरवितात. भार हळूहळू वाढवीत नेणे हे या प्रक्रियेचे मर्म होय. तालमीतील जोर-बैठकांची वाढती संख्या, गदा व जोड्या यांचे वाढते वजन आणि आधुनिक व्यायामशाळेतील लोखंडी चकत्या या सर्वांमागे तत्त्व एकच आहे. मात्र एखादा व्यायाम शेकडो वेळा सहज जमू लागला, की त्याने दम वाढतो, स्नायूचे आकारमान फारसे वाढत नाही.

शरीरातील प्रथिने स्थिर नसतात. रूडोल्फ शोएनहायमर (१८९८–१९४१) यांनी नायट्रोजनाच्या जड समस्थानिकाची खूण असलेली ॲमिनो अम्ले वापरून दाखवून दिले, की ऊतकांतील प्रथिनांची मोडतोड व नवनिर्मिती अखंड चालू असते. प्रौढ शरीरात दररोज २५० ते ३०० ग्रॅ. प्रथिने मोडून पुन्हा बांधली जातात. म्हणजे आहारातून येणाऱ्या प्रथिनांच्या कित्येक पट उलाढाल आतल्या आत होते. स्नायूची वाढ म्हणजे या जमाखर्चातील शिल्लक होय. भारव्यायामानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मितीचा वेग एक ते दोन दिवस वाढलेला राहतो. या अवधीत आहारातून ॲमिनो अम्ले मिळाली, तर शिल्लक जमेच्या बाजूला झुकते. व्यायाम संपताच अर्ध्या तासाच्या आत प्रथिने न घेतल्यास मेहनत फुकट जाते, ही व्यायामशाळांतून ऐकू येणारी समजूत म्हणून निराधार ठरते. ॲमिनो अम्लांपैकी ल्यूसीन हे नुसते बांधणीचे द्रव्य नसून कोशिकेतील निर्मितियंत्रणेला चालना देणारा संकेतही आहे. दूध, अंडी, मांस व मासे यांत ते भरपूर असते.

स्नायू किती वेगाने वाढू शकतो, याचा हिशेब केल्यास प्रथिनांविषयीच्या पुष्कळ अतिरंजित कल्पना आपोआप गळून पडतात. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या निरोगी तरुणाचा स्नायुभार महिन्याकाठी १ किग्रॅ. वाढला, तर ती वाढ उत्तम म्हणावी लागेल. त्या एक किलोग्रॅममध्ये प्रथिने सु. २०० ग्रॅ. असतात. म्हणजे दररोज नव्याने साठविली जाणारी प्रथिने ७ ग्रॅ.च्या आत-बाहेर भरतात. एका अंड्यात साधारण तेवढीच असतात. पचनातील व रूपांतरातील घट धरूनही ही गरज काही अंड्यांपलीकडे जात नाही. ज्याला हे घडवून आणायचे, त्याला डझनावारी अंडी खाण्याचे कारण नाही.

प्रथिनांची गरज : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला उत्तम प्रतीची प्रथिने वजनाच्या दर किग्रॅ.ला दररोज ०·८३ ग्रॅ. पुरतात. ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषाला ती सु. ५४ ग्रॅ. होतात. आहार मुख्यतः तृणधान्यांचा असल्यास त्यातील प्रथिने कमी प्रतीची असल्यामुळे हे प्रमाण दर किग्रॅ.ला सु. १ ग्रॅ. धरावे लागते. भारव्यायाम करणाऱ्यांची गरज याहून अधिक असते. याविषयी झालेल्या ४९ प्रयोगांतील १,८६३ व्यक्तींच्या माहितीचे एकत्र विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळून आले, की प्रथिनांचे दैनिक प्रमाण दर किग्रॅ.ला सु. १·६ ग्रॅ. होईपर्यंत स्नायुभारात थोडी जादा वाढ होते व त्यापुढे प्रथिने वाढवूनही उपयोग होत नाही. ही जादा वाढदेखील सरासरीने पाव-अर्धा किलोग्रॅमच्या दरम्यानच होती. बाकीची सर्व कमाई व्यायामाची.

दिवसाची प्रथिने तीन-चार जेवणांत विभागून प्रत्येक वेळी २० ते २५ ग्रॅ. याप्रमाणे घेणे सोयीचे असते. एकाच वेळी अधिक घेतल्यास जादा भाग अगदी वाया जातो असे नाही. त्याचे पचन व शोषण अधिक काळ चालते. आपल्याकडील नेहमीचा दोष वेगळाच आहे. सकाळी चहाबरोबर पोहे किंवा पाव, दुपारी भात व पातळ आमटी आणि रात्री पोटभर जेवण अशा रीतीमुळे दिवसाचा मोठा भाग जवळजवळ प्रथिनांवाचून जातो.

यासोबत ऊर्जेचा पुरवठा पुरेसा असावा लागतो. कार्बोहायड्रेटे व वसा कमी पडल्यास शरीर खाल्लेली प्रथिनेच जाळते. अर्धपोटी राहून कष्टाचे काम करणाऱ्या मजुराला केवळ प्रथिनयुक्त पदार्थ देऊन त्याचे स्नायू वाढत नाहीत. त्याला आधी पोटभर भाकरी हवी असते.

प्रथिनांची प्रत : स्नायूंच्या प्रथिनांत सु. २० प्रकारची ॲमिनो अम्ले असून त्यांपैकी ९ प्रौढ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती आहारातूनच मिळावी लागतात. या आवश्यक अम्लांचा शोध व त्यांचे प्रमाण यांविषयीचे पायाभूत कार्य अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम कमिंग रोझ (१८८७–१९८५) यांनी केले. १९३५ साली त्यांनी थ्रिओनीन शोधून ही यादी जवळजवळ पूर्ण केली. आवश्यक अम्लांपैकी एखादे जरी अपुरे असले, तरी प्रथिननिर्मिती त्याच मर्यादेत अडते. तृणधान्यांत लायसीन कमी असते, तर डाळी व कडधान्ये यांत ते भरपूर असून त्यांत गंधकयुक्त ॲमिनो अम्लांची, विशेषतः मिथिओनिनाची, उणीव असते. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, भाकरी-पिठले, पुरणपोळी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट-भात हे पदार्थ या दृष्टीने मराठी स्वयंपाकघरात फार पूर्वीच सिद्ध झालेले संयोग होत. दोन्ही घटक एकाच घासात असण्याचीही गरज नाही, दिवसाभराच्या आहारात आले तरी चालतात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ व अडीच भाग दूध असे प्रमाण राखल्यास मिश्र प्रथिनांची प्रत पुष्कळच सुधारते.

खाद्यपदार्थांतील प्रथिनांचे प्रमाण दर १०० ग्रॅ.ला स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असते : तांदूळ ७ ते ८ ग्रॅ., ज्वारी १० ग्रॅ., बाजरी व गहू ११ ग्रॅ., तूर, हरभरा, मूग व मसूर यांच्या डाळी २१ ते २५ ग्रॅ., सोयाबीन ३६ ते ४३ ग्रॅ., शेंगदाणे सु. २५ ग्रॅ., गाईचे दूध ३·२ ग्रॅ., म्हशीचे दूध सु. ४ ग्रॅ., पनीर १८ ते १९ ग्रॅ., अंडी १३ ग्रॅ., कोंबडीचे मांस व ताजे मासे १८ ते २२ ग्रॅ. कोकण किनाऱ्यावरील सुक्या बोंबलांत हे प्रमाण सु. ६० ग्रॅ.पर्यंत जाते, कारण त्यांतील पाणी निघून गेलेले असते. त्यातील मिठाकडे मात्र लक्ष द्यावे लागते. डाळींचे आकडे कच्च्या डाळींचे असतात हे पुष्कळदा विसरले जाते. वाटीभर पातळ वरणात जेमतेम २० ते २५ ग्रॅ. डाळ असते व त्यातून सु. ५ ग्रॅ. प्रथिने मिळतात. त्यामुळे ‘रोज वरण खातो’ एवढ्यावरून प्रथिने पुरेशी मिळतात असे मानता येत नाही. उपवासाच्या साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नसतातच. साबुदाण्याच्या खिचडीत जी असतात, ती शेंगदाण्याच्या कुटाची.

शिजविण्याच्या क्रियेचाही परिणाम होतो. सोयाबीन व इतर कडधान्यांत ट्रिप्सीन या पाचक एंझाइमाला विरोध करणारे पदार्थ असतात व ते चांगले शिजविल्याने निष्प्रभ होतात. मोड आणल्याने कडधान्ये पचण्यास हलकी होतात, त्यांतील फायटेटे कमी होतात व क जीवनसत्त्व तयार होते. प्रथिने मात्र वाढत नाहीत. पाणी शोषले गेल्यामुळे मोड आलेल्या मटकीत वजनाच्या मानाने ती कोरड्या मटकीपेक्षा कमीच भरतात. ज्वारीचे प्रथिन याला काहीसे अपवाद असून पाण्यात शिजविल्यावर त्याची पचनीयता घटते. म्हणून ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या भागात सोबतच्या कडधान्याचे महत्त्व अधिक. कच्ची अंडी फोडून पिण्याची पैलवानांतील प्रथा तर उघडच तोट्याची आहे. शिजलेल्या अंड्यातील सु. ९० टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील सु. ५० टक्केच. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडीन बायोटीन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते व जंतुसंसर्गाचे भय असते ते निराळेच.

तालमीतील खुराक : महाराष्ट्रात स्नायुवर्धक आहाराची सर्वांत सघन परंपरा कोल्हापूरच्या तालमींत आढळते. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी मल्लांना राजाश्रय दिला, त्यांच्या खुराकाची व्यवस्था केली व १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले [⟶ कुस्ती]. येथील पैलवानाच्या खुराकात म्हशीचे दूध, तूप, बदाम-खसखस-बडीशेप वाटून केलेली थंडाई, मटण व त्याचा अळणी रस्सा, अंडी, केळी आणि ज्वारीची भाकरी हे प्रमुख पदार्थ असतात. खुराक हा शब्द तालमीत केवळ अन्नवाचक नाही. कोणी किती दूध-तूप पचवितो यावर त्याची योग्यता जोखली जाई व गरीब घरच्या होतकरू मुलाचा खुराक गावाने किंवा एखाद्या आश्रयदात्याने उचलणे ही प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाई.

आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर हा खुराक समजला जातो तितका प्रथिनप्रधान नाही. तो ऊर्जाप्रधान आहे. तुपात प्रथिने मुळीच नसतात. बदामांत दर १०० ग्रॅ.ला प्रथिने सु. २० ग्रॅ., तर वसा सु. ५० ग्रॅ. असते. शेंगदाण्यात प्रथिने बदामापेक्षा अधिक असून किंमत पुष्कळ कमी पडते. तरीही तालमीत बदामाला जो मान आहे तो शेंगदाण्याला कधी मिळाला नाही. म्हशीच्या दोन लिटर दुधातून सु. ८० ग्रॅ. उत्तम प्रथिने मिळतात. पैलवानाच्या प्रथिनांचा मोठा भाग वस्तुतः येथूनच येतो. बाकीचे पदार्थ मुख्यत्वे इंधन पुरवितात. पहाटे व सायंकाळी मिळून कित्येक तास जोर, बैठका व लढतींचा सराव करणाऱ्या माणसाला एवढे इंधन लागतेच. त्यामुळे आखाड्यात असेपर्यंत हा खुराक अंगी लागतो. मेहनत सुटल्यावरही जिभेची सवय कायम राहिल्यास मेद वाढून मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार जडतात. धारोष्ण दूध न तापविता पिण्याच्या प्रथेत क्षय व ब्रुसेलोसिस यांचा धोका असतो. वजनगटांनुसार होणाऱ्या मॅटवरील कुस्तीत तर नुसता देहभार वाढविण्याला फारसा अर्थ उरलेला नाही. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–८४) हे ५७ किग्रॅ. वजनगटातील मल्ल होते.

नेहमीच्या अन्नातून पूर्तता : ६० किग्रॅ. वजनाच्या व भारव्यायाम करणाऱ्या तरुणाची गरज वरील मर्यादेने ९६ ग्रॅ. होते. सकाळी ४० ग्रॅ. कोरड्या मटकीची उसळ (९ ग्रॅ.) व दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅ.), दुपारी १५० ग्रॅ. ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या (१५ ग्रॅ.) व ४० ग्रॅ. बेसनाचे पिठले (८ ग्रॅ.), दिवसभरात मिळून अर्धा लिटर म्हशीचे दूध किंवा त्याचे दही (सु. १९ ग्रॅ.), ४० ग्रॅ. शेंगदाणे (१० ग्रॅ.) व ५० ग्रॅ. फुटाणे (१० ग्रॅ.), रात्री १०० ग्रॅ. तांदळाचा भात (७ ग्रॅ.) व ५० ग्रॅ. तूरडाळीचे घट्ट वरण (११ ग्रॅ.) एवढ्या आहारातून सु. १०० ग्रॅ. प्रथिने मिळतात. अंडी वर्ज्य असल्यास ३० ग्रॅ. सोयाबीन पिठात मिसळून ती उणीव जवळजवळ भरून काढता येते. मासे किंवा मांस खाणाऱ्यांना १०० ग्रॅ.च्या एका वाढपातून सु. २० ग्रॅ. प्रथिने मिळून इतर पदार्थ कमी करता येतात. यात दुर्मिळ असे काही नाही. तरीही दूध व डाळी यांचा खर्च पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जातो, आणि अशा घरांत भाकरी-भातच अधिक खाऊन पोट भरले जाते. स्नायुवर्धनाच्या मार्गातील खरी अडचण पदार्थांच्या अज्ञानापेक्षा बहुधा हीच असते.

प्रथिनचूर्णे व इतर द्रव्ये : पनीर किंवा चीज करताना निघणारे पाणी म्हणजे निवळ होय. ती पूर्वी टाकून दिली जाई. तिच्यातील प्रथिने वेगळी काढून वाळविलेले चूर्ण ‘व्हे’ प्रथिन म्हणून विकले जाते. त्यात साधारणपणे ७० ते ८० टक्के प्रथिने असून ती लवकर पचणारी व ल्यूसीनयुक्त असतात. दूध व अंडी पुरेशी घेणाऱ्याला त्यापासून वेगळा लाभ होत नाही. घाईच्या वेळी सोय होते इतकेच. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ चूर्णांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सु. ७० टक्के चूर्णांवरील प्रथिनांचा उल्लेख प्रत्यक्षाशी जुळला नाही आणि काहींत बुरशीजन्य विषे आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच वर्षीच्या आहारविषयक मार्गदर्शनात स्नायू वाढविण्यासाठी अशी चूर्णे घेणे टाळावे, असा सल्ला दिलेला आहे. क्रिएटीन हे द्रव्य मात्र थोडे वेगळे आहे. ते मांस व मासे यांत असते, शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत त्याचा साठा कमी आढळतो आणि दररोज ३ ते ५ ग्रॅ. घेतल्यास अल्पकालीन जोरकस श्रमाची क्षमता काही अंशी वाढते, हे अनेक प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पुंस्त्वकारक स्टेरॉइडे खरोखरच स्नायू वाढवितात. परंतु यकृत, हृदय व जननेंद्रिये यांची त्यांमुळे होणारी हानी गंभीर असून काही वेळा ती भरून येत नाही. झटपट फळ दाखविणाऱ्या निनावी चूर्णांत अशी द्रव्ये मिसळलेली असू शकतात.

निरोगी व्यक्तीच्या वृक्कांना (मूत्रपिंडांना) वर सांगितलेल्या मर्यादेतील प्रथिनांमुळे अपाय होतो असे आढळलेले नाही. वृक्कविकार असलेल्या रुग्णाला मात्र प्रथिने मर्यादितच द्यावी लागतात. मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्या रुग्णांत हा विकार पुष्कळदा लक्षणांवाचून असतो, म्हणून अशांनी वैद्यकीय तपासणीवाचून प्रथिने वाढवू नयेत.

वृद्धापकाळ : वयाच्या चाळिशीनंतर स्नायुभार हळूहळू घटू लागतो व साठीनंतर हा वेग वाढतो. या अवस्थेला १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव देण्यात आले. उठताना आधार लागणे, जिना चढताना थकणे, पडणे व अस्थिभंग ही तिची परिणती असते. वृद्धांच्या स्नायूंत तितक्याच प्रथिनांनी तितकी निर्मिती होत नाही. म्हणून त्यांना दर किग्रॅ.ला १ ते १·२ ग्रॅ. प्रथिने सुचविली जातात. प्रत्यक्षात दात गेल्याने, भूक मंदावल्याने व ‘म्हाताऱ्याला हलके अन्न’ या समजुतीने त्यांच्या वाट्याला पेज व मऊ भातच अधिक येतो. मऊ खिचडीत डाळीचे प्रमाण वाढविणे, ताकाऐवजी दही देणे, नाचणीची आंबील दुधात करणे, मऊ उकडलेले अंडे देणे असे बदल त्यासाठी करता येतात. बॉस्टन येथील वृद्धाश्रमात सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० दुर्बल व्यक्तींवर केलेला प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा आठवडे भारव्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंचे बल दुपटीहून अधिक झाले, चालण्याचा वेग व जिना चढण्याची शक्ती वाढली. व्यायामावाचून केवळ पूरक आहार घेणाऱ्या गटात अशी सुधारणा दिसली नाही.